एकच भाव सांगणारा आयरिश दुकानदार

महोदय,
शहरांच्या इतिहासात राजे-सेनापती भेटतात, पण दुकानदार वगळला जातो, याची मला मनापासून खंत वाटते. आयर्लंडच्या लिस्बर्नहून न्यूयॉर्कला आलेल्या अलेक्झांडर स्ट्युअर्टने १८२३ साली ब्रॉडवेवर छोटंसं दुकान थाटलं. माल गावाकडचाच, आयरिश लिनन आणि लेस. घासाघीस त्याने बंद केली; भाव एकच, गिऱ्हाईक कुणीही असो. परक्या शहरात नव्याने आलेल्या बाईला केवढा धीर आला असेल! १८४६ मध्ये त्याचं संगमरवरी दुकान उभं राहिलं. मायदेशी उपासमार झाली तेव्हा त्याने अन्नाचं जहाज धाडलं आणि तिथल्या तरुणांना अमेरिकेत बोलावून घेतलं. अशा माणसांवर आपल्या पुरवणीत जरूर लिहावं.

– एक वाचक, पुणे