संथ हलणाऱ्या भुताविषयी

चि. निखिल यास आईचे अनेक आशीर्वाद.

तुमच्या गल्लीत हॅलोविनला, म्हणजे मुले भुताखेतांची सोंगे घेऊन घरोघरी खाऊ मागत फिरतात त्या सणाला, जवळजवळ प्रत्येक घरापुढे काही ना काही उभे राहते, तेव्हा यंदा आपणही काहीतरी हलणारे स्वतःच्या हाताने करावे, असे तू लिहिलेस, ते वाचून मला फार बरे वाटले. तुझ्या यादीत पेटीतून उसळी मारणारे प्रेत, उघडमीट करणारी शवपेटी आणि उडणारे भूत अशा तीन गोष्टी आहेत. माझे मत विचारशील, तर पहिल्या दोन बाजूला ठेव आणि भूत कर.

उसळी मारणाऱ्या वस्तूला दाबाची हवा लागते. म्हणजे काँप्रेसर आला, रेग्युलेटर आला, विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह आला. हौशी लोक पैसे वाचवण्यासाठी पीव्हीसीच्या नळ्यांचे सिलिंडर करतात, ते तू कदापि करू नकोस. दाबाखाली ती नळी फुटली, तर तिचे धारदार तुकडे सुऱ्यांसारखे उडतात. शिवाय उसळीची भीती क्षणभराची असते. एकदा दचकलेले मूल पुढच्या घराकडे धावते आणि आईचे बोट धरून आलेले लहानगे तर पायरीही चढत नाही. शेजाऱ्यांकडचा होम डेपो या दुकानातला 12 फुटी सांगाडा उंचीने छाप पाडतो हे खरे, पण तो नुसता उभा असतो. तुझे भूत लहान असले तरी चालेल. ते संथ आणि अनिश्चित हलले पाहिजे.

त्याची युक्ती अशी. लाकडाची एक तिकोनी चौकट वर आडवी टांगायची, तिच्या मधोमध मोटर उभी बसवायची आणि मोटरच्या दांड्यावर एक आडवी भुजा लावायची. भुजेच्या टोकापासून तीन धागे निघतात, चौकटीच्या तीन कोपऱ्यांतल्या कड्यांमधून खाली उतरतात आणि एक डोक्याला, दोन मनगटांना बांधले जातात. भुजा गोल फिरते तेव्हा ती ज्या कोपऱ्यापासून दूर जाते त्या कोपऱ्याचा धागा ओढला जातो आणि तो अवयव वर उचलला जातो. तिघांची पाळी एकामागून एक येत असल्यामुळे डोके वर जाताना एक हात खाली येत असतो आणि दुसरा कुठेतरी मधे असतो. भुजा 8 इंचांची ठेवलीस, तर प्रत्येक अवयव सुमारे 16 इंच वरखाली होतो. त्यातच भूत मोकळे लोंबकळत असल्याने वाऱ्याची झुळूक आणि त्याचा स्वतःचा झोका मिसळतो, आणि पाहणाऱ्याला मोटरची फेरी ओळखू येत नाही. आपल्या गणपतीतल्या हलत्या देखाव्यांत मावळ्याची तलवार ठरावीक तालावर वरखाली होते ते खपून जाते, कारण तिथे लाउडस्पीकरवरचे निवेदन गोष्ट पुढे नेत असते. इथे भुताला सगळे काम हालचालीनेच करायचे आहे.

दोन गोष्टी मात्र सांभाळ. धागे भुजेच्या टोकाला थेट गाठ मारून बांधू नकोस, नाहीतर प्रत्येक फेरीला ते बोल्टभोवती पीळ घेत जातील. मासेमारीच्या दुकानात फिरती कडी मिळते, ती मधे घाल. आणि भुजेच्या ज्या बाजूला धागे आहेत, त्या बाजूला मोटरच्या दांड्याचे टोक किंवा नट उंच राहू देऊ नकोस, कारण प्रत्येक धागा फेरीत एकदा बरोबर मध्यावरून जातो.

मोटर जुन्या गाडीच्या वायपरची घे. ती 12 व्होल्टची असते आणि आतल्या वर्म गियरमुळे (मळसूत्राने फिरणाऱ्या दातेरी चाकामुळे) तिची ताकद या कामाला भरपूर होते. वेग मात्र जास्त असतो. म्हणून तिला 5 व्होल्ट दे, म्हणजे तो निम्म्याहून खाली येईल. जुन्या डेस्कटॉपचा पॉवर सप्लाय दोन्ही व्होल्टेज देतो: लाल तार 5 ची, पिवळी 12 ची, काळी ऋण, आणि हिरवी तार काळीला जोडली की तो सुरू होतो. त्याचे खोके उघडू नकोस, कारण प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज राहते. पुष्कळ वायपर मोटरींचे धातूचे कवच हेच ऋण टोक असते, म्हणून मोटर लाकडावरच बसव आणि तारेत फ्यूज घाल. बाहेरचा प्लग जीएफसीआयचाच, म्हणजे वीज गळताच प्रवाह आपोआप तोडणारा, वापर.

भुताचे अंग जितके हलके तितके चांगले: थर्माकोलचे डोके, तारेचे हात आणि वर विरविरीत चीजक्लॉथ. आमच्या लहानपणी पांढऱ्या कपड्यांना टिनोपाल देत, त्याच जातीचा उजळपणा देणारा पदार्थ तिथल्या बऱ्याच डिटर्जंटमध्ये असतो; त्याच्या पाण्यात कापड भिजवून वाळवलेस, की अतिनील दिव्याखाली ते निळसर पांढरे पेटते. दिवा 365 नॅनोमीटर तरंगलांबीचा मिळाला तर उत्तम, कारण 395 च्या दिव्याचा जांभळा उजेडच जास्त दिसतो. तो उंच लाव आणि मुलांच्या डोळ्यांकडे वळवू नकोस. पारदर्शक नायलॉनचा धागा कधीकधी त्या उजेडात स्वतःच चमकतो, म्हणून धागा काळा आणि विणलेला घे. कोरलेला भोपळा शेजारी ठेवलास, तर त्यात मेणबत्ती नको, एलईडी ठेव. भुताचे ते कापड भुरकन पेट घेते.

तुमच्या ओहायोतल्या कोलंबस शहरात 31 ऑक्टोबरला सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे सहाला येणाऱ्या चिमुकल्यांना भूत उजेडातच दिसणार. त्याची चिंता करू नकोस. आपल्या छोट्या ओवीच्या वयाच्या मुलांना धागे दिसलेलेच बरे. अंधार पडल्यावर मोठी मुले येतात, त्यांच्यासाठी दिवा आहे.

मला वाटते, अंगणाऐवजी उघड्या गॅरेजमध्ये ते टांगावेस. पाऊस लागत नाही, मागे अंधार मिळतो आणि तारा गवतातून न्याव्या लागत नाहीत. फक्त वर सरकलेले दार छताखाली आडवे बसते, तेव्हा चौकट त्याच्या मागे घ्यावी लागेल. त्या संध्याकाळी दाराच्या मोटरचा प्लग काढून ठेव आणि पुढे एक दोरी बांध. छताची उंची, दार उघडे असताना मागे उरणारी जागा आणि तुळयांमधले अंतर मोजून कळव, म्हणजे चौकटीची मापे मी काढून पाठवीन.

तुझी,
आई