तीन डागांत बसलं तरच

मार्केट यार्ड, कोल्हापूर
10 मार्च 2025

प्रिय सुन्या,

सप्टेंबरात तुझ्याकडे कॅनडात, अल्गोनक्विन पार्कच्या तळ्यांत आपण दोघांनी होडीने फिरायचं, त्यासाठीचा तुझा नकाशा आणि सामानाची यादी, दोन्ही पोचलं. नकाशा बघून जीव हरखला, यादी बघून कंबर दुखायला लागली. लेका, तू त्या नकाशात नुसतं निळं बघितलंस. मी गेले पंधरा दिवस दोन तळ्यांच्या मधल्या रेघा आणि त्यांच्याशेजारचे आकडे बघतोय. बावीस वर्षं गुळाच्या अडतीत काढलेल्या माणसाला पाणी नंतर दिसतं. आधी दिसतं वजन, आणि ते कुठून कुठं न्यायचंय ते.

तू लिहिलंयस, ‘मधे थोडं पोर्टेज आहे.’ थोडं? इंक लेकवरून मॅकिन्टॉशला 2320 मीटर! म्हणजे होडी पाण्यातून काढायची, उलटी करून खांद्यावर घ्यायची आणि चिखल, मुळं, दगड तुडवत सव्वादोन किलोमीटर चालायचं. आणि ते एकदा नाही. तुझ्या यादीची मी बेरीज केली. एकसष्ट किलो. तीन मोठे डाग, म्हणजे उचलायची ओझी, चौथी होडी. माणसं दोन. म्हणजे एक खेप पोचवायची, रिकामं परत यायचं, दुसरी खेप न्यायची. 2320 गुणिले तीन, जवळजवळ सात किलोमीटर, आणि तेही वल्हवण्याच्या दिवसात. सत्तेचाळिशीत.

हे मी काट्यावर बसून लिहीत नाही, करून बघितलंय. तुला सांगणार नव्हतो, पण धाकट्याने फोटो टाकलेच आहेत, तेव्हा खरं काय ते माझ्याकडून ऐक. शिरोळच्या मेव्हण्याने महापुरानंतर एक फायबरची होडी घेऊन ठेवली आहे. ती टेम्पोत घातली आणि काल सकाळी सातला प्रयाग चिखलीला पाण्यात सोडली. मी, मेव्हणा आणि धाकटा. दुपारी फायनल होती, त्यामुळे दोनच्या आत घरी पोचायचं असं पोराने आधीच कबूल करून घेतलेलं.

पाणी संथ. वल्हवायला मजा आली. शिवाजी पुलाखालून गेलो, घाटावर बायका कपडे धूत होत्या, एकीने विचारलं, ‘पूर आलाय व्हय?’ आपण टायरची ट्यूब घेऊन इथंच डुंबायचो ते आठवलं. तुझी चड्डी वाहून गेलेली, ते पण. पुढे जलपर्णी लागली. ती वल्ह्याला अशी गुंडाळते की दर दहा हातांना वल्हं झटकावं लागतं. असं करत करत बावड्याच्या राजाराम बंधाऱ्याला आलो.

आता कोल्हापूर पद्धतीचा बंधारा तुला सांगायला नको. दगडी खांब, मधे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या. पावसाळ्यात बरगे काढलेले असतात, पावसाळा संपला की घालतात. मार्चात म्हणजे भिंतच. होडी पलीकडे न्यायची तर काठावरून उचलूनच. तेव्हा टाळकं चाललं, की आपली पंचगंगा म्हणजे तयार पोर्टेजचीच नदी आहे! राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ, नरसोबाच्या वाडीपर्यंत सहा वेळा होडी खांद्यावर. सरावाला एवढ्या लांब कॅनडात कशाला जायचं?

उत्साहात होडी उलटी करून मी आणि मेव्हण्याने डोक्यावर घेतली. आत राहिलेलं पाणी, जलपर्णीसकट, माझ्या सदऱ्यात. उलट्या होडीखाली डोकं गेलं की माणसाला स्वतःच्या चपलांपलीकडे काही दिसत नाही. मी पुढे होतो. सरळ बाभळीत घुसलो. बंधाऱ्यावर दोन म्हातारे बसलेले. एक म्हणतो, ‘पावणं, पूर यायला अजून चार म्हैनं हाईत की!’ पन्नास पावलांत खांदा गेला. शेवटी ते म्हातारेच उठले आणि पाच जणांनी मिळून होडी पलीकडे ठेवली. पुढे सुर्वे बंधाऱ्यापर्यंत जायचा बेत होता. तो तिथंच बुडाला, टेम्पो बोलावला आणि मॅच मात्र पहिल्या बॉलपासून बघितली.

आमची होडी कसली जड! तिकडे भाड्याने मिळतात त्या केव्हलारच्या, म्हणजे हलक्या पण चिवट धाग्याच्या कनू (होड्या) एकोणीस-वीस किलोच्या असतात, म्हणजे गुळाचे दहा किलोचे दोन रवे, ढेपाच त्या. अॅल्युमिनियमची घेतलीस तर तीस किलोच्या वर जाते, म्हणजे मोठा एक रवा. भाडं जास्त पडलं तरी केव्हलारचीच घे, तिथं चिंगूसपणा करू नकोस. आणि मधलं लाकूड नीट बघून घे, ज्याला ते योक म्हणतात. मी चित्र बघितलं आणि हसलोच. ते जू आहे रे, बैलाच्या मानेवरचं. खांद्याला गादी असलेलं मिळालं तर उत्तम.

आज सकाळी हा सगळा तमाशा अडतीत आण्णांना सांगितला. आण्णा म्हणजे आमचे जुने हमाल, तीस किलोचा रवा अजून पाठीवर घेतात. मी म्हटलं, चार डाग आहेत, माणसं दोन, तीन वेळा चालावं लागतंय. ते म्हणाले, ‘एक डाग कमी कर, मग तिनदा कशाला चालतोस?’ आणि खडूने फरशीवर काढून दाखवलं. मी होडी घेऊन थेट शेवटापर्यंत जायचं. तू पहिली पिशवी घेऊन निम्म्या वाटेवर ठेवायची, रिकामा परत फिरायचं, दुसरी घेऊन शेवटापर्यंत यायचं. तोवर मी होडी टेकवून रिकाम्या हाताने निम्म्या वाटेवर येतो आणि तुझी ठेवलेली पिशवी उचलतो. कागदावर मांडून बघ. दोघांचंही चालणं वाटेच्या दुप्पट होतं, तिप्पट नाही. शिवाय प्रत्येकाला मधे रिकामं चालायला मिळतं, तोच दम खायचा टप्पा. आण्णांना कॅनडा कुठं आहे ते माहीत नाही. पण तिथले जुने फरच्या व्यापारातले होडीवाले नव्वद-नव्वद पौंडांचे दोन गठ्ठे एका वेळी पाठीवर घ्यायचे असं मी सांगितलं, तेव्हा म्हणाले, ‘मग त्यांचं गुडघं गेलं असणार.’

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे. सगळं तीन डागांत बसलं पाहिजे. होडी, आणि अठरा-अठरा किलोच्या दोन पिशव्या. वल्ही होडीत बांधायची, लाइफ जॅकेट अंगावरच. एकसष्टचे छत्तीस कसे करायचे ते मी मांडलंय. तुझा बिडाचा तवा गेला. दोन घडीच्या खुर्च्या गेल्या. स्पीकर तर गेलाच, लून पक्षी ओरडतो ते ऐकायला मी एवढा खर्च करून येतोय. तिघांचा तंबू चालेल, पाच जणांचा कशाला? स्लीपिंग बॅगमध्ये मात्र काटकसर नको. सप्टेंबरच्या मध्यात तिथं रात्री पाच-सात अंशांवर येतात असं तूच म्हणालास आणि मला पन्हाळ्याच्या थंडीतही दोन गोधड्या लागतात.

जेवण माझ्याकडे. दोघांचं, पाच दिवसांचं, सात किलोच्या आत. तांदूळ, मुगाची डाळ, भाजणी, शेंगदाण्याची चटणी, कांदा-लसूण चटणी, भडंग, एक किलो गूळ. सुकट आणायचा फार मोह होता, पण ज्या जंगलात अस्वलं आहेत तिथं सुकट नेणं म्हणजे आमंत्रणपत्रिका पाठवणं. डबाबंद काही घेऊ नकोस, आत कॅन आणि काचेच्या बाटल्यांना बंदी आहे. बाटली म्हटल्यावर तुझं तोंड कसं झालं असेल ते मला इथून दिसतंय. रात्री खाण्याची पिशवी तंबूपासून लांब, जमिनीपासून चार मीटर उंच, खोडापासून दोन मीटर दूर टांगायची. पार्कवाल्यांनी त्याचं मोठं प्रकरण करून लिहिलंय. आपल्या आज्जीचं शिंकंच ते, फक्त मांजराऐवजी अस्वल.

आता वाट. मॅकिन्टॉश ह्या वेळी सोड. आण्णांच्या हिशेबानेसुद्धा त्या एका रेघेला साडेचार किलोमीटर होतात. त्याऐवजी हायवे 60 च्या दक्षिणेला स्मोक लेकवरून निघू. स्मोकवरून रॅग्ड लेकला 240 मीटर, रॅग्डवरून बिग पॉर्क्युपाइनला 590. दुसऱ्याला तिकडे सैतानाचा जिना म्हणतात, चढ खडा आहे म्हणे. त्यासाठी मी दर रविवारी जोतिबाच्या पायऱ्या पाठीवर दहा किलोचा रवा बांधून चढणार आहे. पहिली रात्र रॅग्डवर, पुढच्या दोन पॉर्क्युपाइनवर, चौथी परत रॅग्डवर. मधला एक दिवस काही न करण्याचा. मासे धर, नाहीतर नुसता पड.

स्मोक मोठं आणि लांब आहे, दुपारी वारा सुटला की लाटा उठतात, तेव्हा उजाडताच निघायचं आणि काठ धरून जायचं. चेष्टा नाही. तू पाठवलेलं तिकडच्या टॉम थॉमसन ह्या चित्रकाराचं चित्र मी टेबलावर लावलंय. तो तर त्याच जंगलात वाटाड्याचं काम केलेला माणूस, तरी 1917 च्या जुलैत शेजारच्याच कनू लेकमध्ये जीव गेला आणि आठ दिवसांनी प्रेत सापडलं. आबालाल रहमान कोटितीर्थाच्या काठी बसून चित्रं काढायचे तसा तो त्या तळ्यांच्या काठी. त्याच्या चित्रातलं पाणी बघताना मला मात्र लाइफ जॅकेटच आठवतं.

परवाना तळ्याचा मिळतो, जागेचा नाही. त्या तळ्यावर झाडाला केशरी पाटी दिसेल ती जागा आपली, आधी पोचेल त्याची. म्हणून दुपारी दोनपर्यंत मुक्कामावर पोचायचं. पाटीमागे थोडं आत लाकडी खोका असतो, त्याला थंडरबॉक्स म्हणतात. हे मी आईला सांगितलेलं नाही.

बुकिंग पाच महिने आधी उघडतं. 14 सप्टेंबरला निघायचं तर 14 एप्रिलला, तुझ्या सकाळी सातला, म्हणजे आमच्या दुपारी साडेचारला. आंबेडकर जयंतीची सुट्टी आहे, यार्ड बंद, मी फोनवर बसून असेन. 6 सप्टेंबरला गणपती जातात, गुऱ्हाळं दसऱ्या-दिवाळीशिवाय तापत नाहीत, मला तेवढीच फट आहे. आईचं म्हणणं पितृपंधरवड्यात पाण्यावर जाऊ नये. तिला मी सांगितलंय की तिकडचे पितर वेगळे. पटलेलं नाही. तू एकदा फोन करून बोल, तुझं ऐकते. व्हिसाची कागदं दिलीत.

तुझी पिशवी भर, घरच्या काट्यावर ठेव आणि काट्याचा फोटो पाठव. वहिनींना साक्षीदार म्हणून उभं कर.

तुझा,
विज्या

ता. क. खुर्ची बॅगेच्या तळाशी लपवलीस तर वजनात कळेल.