भूतान : मतदार ओळखपत्रावर परदेश

मा. संपादक, स.न.
तूर-हरभरा घरी आला की आपल्याकडचे लोक सहलीला निघतात, पण शेजारचा भूतान कुणाच्या ध्यानात येत नाही. भारतीयांना तिथे व्हिसा लागत नाही. मतदार ओळखपत्र किंवा किमान सहा महिने मुदतीचा पासपोर्ट चालतो. आधार चालत नाही, आणि नेमके तिथेच लोक अडतात. पर्यटकांकडून भूतान सरकार घेते ते शाश्वत विकास शुल्क माणशी दर रात्री १,२०० रुपये, म्हणजे चार रात्रींचे ४,८००. हिशेबात आधीच धरावे. हावडा-सियालदहमार्गे हासीमारा स्थानक, तिथून सीमेवरच्या जयगावला रस्त्याने, पलीकडे भूतानचे फुंत्शोलिंग गाव. आपला रुपया तिथे सरळ चालतो.

पारोचा तक्तसांग मठ ३,१२० मीटरवर, कड्याला चिकटलेला. सपाटीवरची माणसे पहिल्याच दिवशी चढायला जातात आणि धाप लागून अर्ध्यातून परततात. आधी दोन दिवस राजधानी थिंपूत काढावेत. घोडा अर्ध्या वाटेपर्यंतच नेतो. पुढे शेकडो पायऱ्या. पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत, मोबाइल बाहेर ठेवावा लागतो. मिरची-चीजची एमा दात्शी वऱ्हाडी जिभेला नक्की मानवेल!

— एक वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती