इंजिन बंद करण्याआधी

लोकमान्यनगर, ठाणे
श्रावणातला पहिला रविवार

प्रिय बाळा,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या जुन्या ट्रॅक्टरचे एकोणीस फोटो मिळाले. आईने ते टीव्हीवर लावून दिले आणि मी एकेकापाशी थांबत सगळे पाहिले. शेवटी तू लिहिलंयस, ‘कंटाळा आला बाबा, आहे तसा विकून टाकतो.’ त्यावर परवा फोनवर मी काहीच बोललो नाही. मनातलं मला बोलून सांगता येत नाही, हे तुला माहीत आहे. बाहेर पावसाची झड लागली आहे, म्हणून निवांत लिहायला बसलोय.

विकू नकोस.

तू त्याला ‘गवत कापायचं जुनं मशीन’ म्हणतोस, ते मला पटत नाही. तुझ्या गॅरेजमध्ये आहे तो कब कॅडेट 100. इंटरनॅशनल हार्वेस्टरने तो 1963 ते 1965 या काळात बनवला, म्हणजे तुझ्या बापाहून चार-सहा वर्षांनीच लहान. या कंपनीचा शेतावरचा छोटा ट्रॅक्टर होता फार्मऑल कब, त्यावरून बागेसाठीच्या या धाकट्याला नाव मिळालं. इंजिनाची ताकद चाकांपर्यंत जाते ती बेल्टने नाही, शाफ्टने. त्यामुळे गवत तर तो कापतोच, पण नांगर ओढतो आणि तुमच्याकडचा बर्फही ढकलतो. इंजिन कोहलरचं, के-241, दहा एचपी, बिडाच्या ब्लॉकचं. इथे कोहलर म्हटलं की लोकांना बेसिनचे नळ आठवतात. तीच कंपनी. तिचं गावही कोहलर याच नावाचं, तुझ्या विस्कॉन्सिनमध्येच, मिलवॉकीपासून तासाभरावर. इतक्या जवळ राहतोस तर एकदा जाऊन ये.

आता फोटोंबद्दल. पहिल्या फोटोत बॉनेट पिवळंधमक रंगवून भिंतीला टेकवलंय आणि मागे दहा डब्यांत इंजिन सुटं पडलंय. रंग छान मारला आहेस, ओघळ कुठेही नाही. पण रंग शेवटी मारायचा, बाळा. इंजिन एकदा फिरलं, तेल कुठून गळतं ते दिसलं, कुठली पट्टी चिरली आहे ते कळलं, की मग रंग. आधी रंगवलेला पत्रा बसवताना चार ठिकाणी खरवडला जातो आणि मन खट्टू होतं. तुझा कंटाळा तिथूनच सुरू झाला असावा, असं मला वाटतं. रंग सुंदर दिसत होता आणि ट्रॅक्टर मात्र हलत नव्हता.

आणि एक गोष्ट काळजीची आहे. त्या काळच्या रंगात शिसं असू शकतं. उरलेला रंग कोरडा घासू नकोस. ओला पॉलिश पेपर वापर, तोंडावर चांगला मास्क लाव आणि त्या वेळी धाकटीला गॅरेजमध्ये येऊ देऊ नकोस. ब्रेक आणि क्लचच्या जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं. तिथली धूळ हवेने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. आम्ही तरुणपणी ती तोंडाने फुंकायचो, कारण कोणी सांगितलंच नव्हतं.

सातव्या फोटोत दोन नटांची डोकी गोल झालेली दिसतात. चार सुताच्या नटाला तू 13 नंबरचा पाना लावलास ना? चार सूत म्हणजे अर्धा इंच, 12.7 मिलिमीटर. तेवढ्या फटीतच नट मरतो. मी 1979 साली वागळे इस्टेटमध्ये उमेदवारीला लागलो तेव्हा आमचे उस्ताद मापं सुतात सांगायचे. ‘साडेतीन सूत दे’ म्हणाले की सात-सोळांशचा पाना हातात द्यायचा. इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे सूत. तुझ्या ट्रॅक्टरचे सगळे नट-बोल्ट याच मापांचे आहेत, तेव्हा इंचाच्या पान्यांचा एक चांगला संच घे. त्यात पैसे वाचवू नकोस.

चौदाव्या फोटोपाशी मात्र मी बराच वेळ थांबलो. आईने विचारलंसुद्धा, ‘काय झालं?’ त्या फोटोत कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा, एका डब्यात आहे आणि त्याची खालची कॅप दुसऱ्याच डब्यात, वायसरांबरोबर. याबद्दल तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती आजवर मी कोणालाही सांगितलेली नाही.

1981 सालची गोष्ट. माझ्या मामाचं शेत मुरबाडला, सरळगावच्या बाजूला. विहिरीवर व्हिलियर्सचं इंजिन होतं, पेट्रोलवर सुरू करायचं आणि गरम झालं की रॉकेलवर घ्यायचं. तुझ्या कोहलरसारखंच साइड व्हॉल्व्हचं, म्हणजे व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून सिलिंडरच्या बाजूला, ब्लॉकमध्येच. ते धूर सोडायला लागलं होतं. मी दोन वर्षं कारखान्यात काढलेली, अंगात मस्ती. मामाला म्हणालो, मेकॅनिक कशाला, पिस्टनच्या रिंगा मीच बदलतो. शनिवारी दुपारी इंजिन उघडलं. सोमवारी माझी पहिली पाळी, त्यामुळे रविवारी संध्याकाळची कल्याणची एसटी गाठायची होती. रविवारी दुपारपर्यंत रिंगाच मिळाल्या नाहीत. मिळाल्यावर घाईघाईने सगळं बंद केलं, दोरी ओढली आणि इंजिन सुरू झालं. मामी पाण्याच्या पाटाकडे धावली. मामाने माझ्या पाठीवर थाप मारली.

दहा मिनिटं पाणी आलं. मग आतून ठक ठक असा आवाज. मी जागेवरून उठेपर्यंत रॉड तुटून इंजिनाच्या केसच्या बाहेर आला होता.

भेंडी ऐन फुलावर होती, वर चैत्राचं ऊन. दुसरं इंजिन भाड्याने मिळेपर्यंत मामा-मामींनी विहिरीतून बादल्या ओढून, कावडीने पाणी घातलं. अर्ध्याहून जास्त वाफे वाळले. मी मामाला सांगितलं की इंजिनच जुनं होतं, रॉड आतून चिरलेला असणार. त्यांनी मान डोलावली. तुटलेला रॉड मी पिशवीत घालून कारखान्यात नेला आणि उस्तादांना दाखवला. त्यांनी तो दोन मिनिटं हातात फिरवला, रॉडवरच्या आणि कॅपवरच्या खुणांवर बोट ठेवलं आणि एवढंच विचारलं, ‘या समोरासमोर होत्या का?’

नव्हत्या. कॅप मी उलटी बसवली होती. रॉड आणि कॅप एकत्र आवळून त्यांचं भोक बोअर केलेलं असतं, म्हणून ते एकाच बाजूने गोल बसतं. कॅप फिरवली की डोळ्याला काही दिसत नाही, पण क्रँकला ते लगेच कळतं. हे मी मामाला कधीच सांगितलं नाही. पुढे ते वीस वर्षं जगले. दर दिवाळीला मी त्यांच्याकडे जायचो, विहिरीवर जायचो आणि परत यायचो.

म्हणून आज उठलास की आधी तो रॉड आणि ती कॅप एका पिशवीत घाल. दोन्हींवर उठावाची खूण असेल, ती एकाच बाजूला आली पाहिजे. तुझ्या इंजिनात तर रॉड अ‍ॅल्युमिनियमचा आहे आणि मध्ये शेल-बेअरिंग, म्हणजे झिजली की बदलता येणारी पट्टी, नाही, तो थेट क्रँकवरच फिरतो. ऑइल पंपही नाही. कॅपच्या खाली जी जीभ आहे ती फिरताना तेलात बुडते आणि तेल वर उडवते, त्यावरच सगळं चालतं. तेलाची पातळी थोडी खाली गेली तरी पहिला फटका इथेच बसतो. इंजिन चालवायच्या आधी दर वेळी डिपस्टिक बघायची.

क्रँकपिन, म्हणजे रॉड जिच्यावर फिरतो ती पिन, तिचं मूळ माप दीड इंच. मायक्रोमीटरने दोन दिशांनी घे, एकमेकींना काटकोनात, आणि पिनच्या दोन्ही टोकांना. दोन दिशांच्या मापांत फरक आला तर पिन लांबट झाली आहे असं समज. मग ती ग्राइंड करून दहा थाऊ बारीक मापाचा रॉड घालावा लागेल, तो मिळतो. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. बसवताना फट मोजायला प्लास्टिगेजचा मऊ धागा मध्ये ठेवून कॅप आवळ, पुन्हा उघड आणि धागा किती चपटा झाला ते बघ. त्याच्या पाकिटावरच पट्टी छापलेली असते. आवळायला टॉर्क रेंचच. हाताच्या अंदाजावर मी चाळीस वर्षं काम केलं, तरी रॉडच्या बोल्टला अंदाज चालत नाही.

सिलिंडरचा बोअर सव्वातीन इंच. त्याचं माप वर, मध्ये आणि खाली घे. सगळ्यात जास्त झीज वर सापडेल, जिथून रिंग परत फिरते. नखाला पायरी लागली तर होनिंगने, म्हणजे नुसतं आतून घासून, भागणार नाही, बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घालावा लागेल. त्याला खर्च येईल. येऊ दे. हा खर्च मागे ढकललास तर तो पुन्हा समोर येईल आणि तोवर नव्या रिंगाही वाया गेलेल्या असतील.

व्हॉल्व्ह तू स्वतः घास, कोणाला देऊ नकोस. काठीला रबरी चोखणी असते ती व्हॉल्व्हवर चिकटवायची, सीटवर पेस्टचं बोट लावायचं आणि दोन तळव्यांत काठी घुसळायची, रवी फिरवतात तशी. सुरुवातीला खरखर येते. आवाज मऊ झाला की समजायचं सीट धरली. पुसून बघितलंस की करड्या रंगाची अखंड रिंग दिसली पाहिजे. मग पोर्टमध्ये थोडं पेट्रोल ओतून पाच मिनिटं थांब. थेंब पाझरला तर परत घासायचं. पेस्टचा कणही आत राहता कामा नये. सगळ्या कामात मला हे काम सगळ्यात जास्त आवडायचं. डोकं रिकामं होतं आणि हाताला आपोआप कळत जातं.

कार्बोरेटरचं फार काही नाही. उघड, जेट साफ कर, रबर नवीन घाल. तुमच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, इथे तर आता वीस टक्के घालतात. त्याने जुनं रबर सुजतं, म्हणून हिवाळ्यात टाकी रिकामी करून ठेवत जा.

प्लगच्या ठिणगीची वेळ ठरवणारे पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक लावायचा सल्ला तुला कोणीतरी दिलाय म्हणे. माझं मत विचारशील तर लावू नकोस. पॉइंटची फट 20 थाऊ, म्हणजे अर्धा मिलिमीटर. फ्लायव्हीलवर ‘एस’ची खूण आहे, ती समोर आली की पॉइंट नुकता उघडायला हवा. फिलर गेज आणि एक छोटा दिवा असला की हे काम होतं. उद्या बंद पडलं तर ते तुझं तुलाच दुरुस्त करता येईल. स्टार्टरही आधी उघडून बघ, लगेच नवा मागवू नकोस. त्यात स्टार्टर आणि डायनॅमो एकाच यंत्रात आहेत. बहुतेक वेळा कार्बनचे ब्रश झिजलेले असतात, बाकी यंत्र ठणठणीत असतं.

बेअरिंगं विकत घेताना ट्रॅक्टरचं नाव सांगायची गरज नाही, बेअरिंगवरचा आकडा वाचायचा. नेहमीच्या बॉल बेअरिंगचे शेवटचे दोन आकडे 04 किंवा त्याहून मोठे असले, तर ते पाचाने गुणले की आतला व्यास मिळतो. 6205 असेल तर 25 मिलिमीटर. हा आकडा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरच्या दुकानांतही तोच आणि मिलवॉकीतही तोच.

मी काम करायचो त्या जागी, रोड नंबर 22 वर, आता काचेची इमारत उभी आहे. परवा तिकडून आलो. आमच्यातल्या एकाने मात्र किसननगरच्या गाळ्यात अजून एक लेथ चालू ठेवली आहे. त्याच्याकडे तुझा अकरावा फोटो घेऊन गेलो होतो, पुढच्या अ‍ॅक्सलचा. मधल्या पिनचं भोक अंड्यासारखं झालंय. त्यामुळेच चाकं डुलतात आणि स्टिअरिंगमध्ये एवढा प्ले येतो. त्याला गनमेटलचं, म्हणजे काशासारख्या धातूचं बुश, भोकात बसणारी नळी, घातलं की झालं. तो म्हणाला, तू माप आण, लेथ तुझीच आहे, तूच टर्न कर. चष्मा लावून मी एक तुकडा टर्न करून पाहिला. हात अजून बसतो.

गनमेटलचा बार मी आणून ठेवलाय. खालच्या मजल्यावरच्या काकूंची मुलगी गौरी-गणपतीनंतर शिकागोला परत जाणार आहे, तिच्याबरोबर बुश पाठवतो. मला माप पाठव. पिनचा व्यास तीन ठिकाणी, जिथे झीज नाही तिथलाही. भोक आधी रीमरने गोल करून घे आणि मग त्याचा व्यास. आणि पत्र्याची जाडी. इंचात पाठव, तीन दशांश स्थळांपर्यंत.

आणि कॅप बसवशील तेव्हा, आवळायच्या आधी, दोन्ही खुणा दिसतील असा एक फोटो काढ. तुझी दुपार म्हणजे इथली मध्यरात्र, तरीही पाठव. मी जागा राहीन.

तुझा,
बाबा

ता. क. आई म्हणते बुशबरोबर मेथीचे लाडू पाठवायचे आहेत. बुश मी तेल लावून प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळीन. लाडूंचा डबा वेगळा असेल.