"पेपरार आयलां?" (पेपरात आलंय का?) असं लोक मला विचारतात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी गोव्यातल्या साखळी बाजारात गेली ३० वर्षं पेपर विकतो. पहाटे टेम्पोतून गठ्ठे उतरले की पुरवण्या घालायच्या, घरोघर पेपर टाकणाऱ्या लाईनीच्या पोरांना वाटून द्यायचे नि मग स्टॉलवर बसायचं, त्यामुळं पेपरवाल्यांना पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. पण गेल्या पावसाळ्यातली एक रात्र काही केल्या डोक्यातून जात नाही म्हणून लिहितोय.

रात्री दहाच्या सुमारास आमच्या वाड्याच्या ग्रुपवर एक ऑडिओ क्लिप आली. कुणीतरी घाबऱ्या आवाजात सांगतोय की अंजुणे धरणाला भगदाड पडलं, तासाभरात पाणी साखळीत घुसणार. आता आम्ही वाळवंटी नदीच्या काठची माणसं, २०२१ च्या जुलैत पुरानं सत्तरी-डिचोलीची काय दशा केली ते डोळ्यानं बघितलेलं, त्यामुळं कुणी हसण्यावारी नेलं नाही. तरी काही जण म्हणाले की पेपरवाल्यांचं येऊंदे मग बघू, आणि दहा मिनिटांत एका न्यूज पोर्टलवर ते लागलंच, 'धरण फुटलं?' असं प्रश्नचिन्ह टाकून, सोबत पाण्याच्या लोंढ्याचा एक व्हिडिओ. मग काय, लोकांनी गाड्या वर नेऊन लावल्या, आमच्या शेजारची आजी, जिला दोन पायऱ्या चढवत नाहीत, तिला भर पावसात खुर्चीत बसवून उचलून नेली. धरणाला काहीसुद्धा झालं नव्हतं.

बातमी लावणारा पोरगा माझ्या ओळखीचा. बावीस वर्षांचा, मेहनती, आईवडलांना सांभाळून काम करतो. दुसऱ्या दिवशी स्टॉलवर आला तेव्हा डोळे भरलेले. म्हणाला, काका, ऑफिसातल्या डेस्कवरनं फोन आला की दुसऱ्यांनी लावलीय, पाच मिनिटांत पाठव, मी कुणाला विचारू तेच सुचलं नाही. मी त्याला विचारलं, तुला हे शिकवलं नाही का कुणी? तर एकदा एक लेक्चर झालं होतं म्हणे, इंग्रजीत, सगळी परदेशातली उदाहरणं.

माझा जीव तुटतो तो इथंच. मी काही शिकलेला माणूस नाही, पण तो व्हिडिओ मी नीट बघितला तर मागच्या दुकानाच्या पाटीवरची अक्षरं आपल्याकडची नव्हतीच. तेवढी फ्रेम थांबवून स्क्रीनशॉट काढून गूगल लेन्सला टाकायची, बऱ्याचदा जुना व्हिडिओ तिथंच सापडतो, हे मला माझ्या भाचीनं दाखवलं, दोन मिनिटांचं काम आहे. पण ऑडिओचं काय? त्याला पाटी नाही, गाडीचा नंबर नाही, आता तर कुणाचाही आवाज कॉम्प्युटरवर बनवता येतो. तिथं एकच उपाय, फोन. धरणावर ड्युटीला असलेला माणूस, मामलेदार ऑफिस, धरणाजवळच्या केरी गावातला एखादा दुकानदार. हे नंबर आधीच वहीत पाहिजेत, रात्री दहाला शोधून मिळत नाहीत. आणि क्लिपमध्ये 'आत्ताच' म्हटलंय तर ते आत्ता म्हणजे कुठल्या तारखेचं, हा प्रश्न पोरांच्या अंगवळणी पडायला पाहिजे.

धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा विसरू नका हो. १ जुलै २०१८, आठवडी बाजाराचा दिवस, मुलं पळवणारी टोळी आल्याची व्हॉट्सॲपवरची अफवा, आणि भिक्षा मागत फिरणाऱ्या डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावानं ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एकावेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आणली, तरी माल पसरायचा थांबला का? आपल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातसुद्धा लांबलांबची अनोळखी माणसं येतात, मला भीती वाटते.

सरकार बघून घेईल म्हणावं तर सरकारच्या कारभाराबद्दलचं खरंखोटं सरकारच्याच कक्षानं ठरवायचं हा २०२३ चा नियम मुंबई हायकोर्टानं सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केला, आणि माझ्या मते बरंच झालं. पण मग ही जबाबदारी पेपरांवरच येते ना.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की बातमी तपासायला शिकवायचं तर पणजीच्या हॉटेलात नको, तालुक्याला या, मराठीत आणि कोंकणीत शिकवा, वाळपई-पेडणे-काणकोणच्या बातमीदारांना बोलवा ज्यांना बातमीमागं पैसे मिळतात, त्यांचा तो दिवसाचा खाडा भरून द्या. आणि डेस्कवरच्या साहेबांनाही त्याच वर्गात बसवा, कारण पोरगा फोन लावेपर्यंत थांबायचं त्यांनी शिकलं नाही तर पोराला शिकवून उपयोग शून्य. चूक झालीच तर दुरुस्ती चूक छापली तिथंच, तेवढ्याच अक्षरात द्या. कोपऱ्यातली दोन ओळींची दुरुस्ती माझं एकसुद्धा गिऱ्हाईक वाचत नाही, मी बघतो ना रोज.

अजूनही माणसं मोबाईल हातात धरून माझ्याकडं येतात आणि विचारतात, "हें पेपरार आयलां?" पेपरात असलं तर खरं, असं धरून चालणारी माणसं आहेत ही. तुमची नवीन पोरं एक दिवस सकाळी सहा ते आठ माझ्या स्टॉलवर पाठवा, लोक काय काय विचारतात ते त्यांना ऐकूंदे. चहाचं मी बघतो.

आपला,
एक पेपर विक्रेता, साखळी