स्टॉर्म विकत नाहीये, बाबा

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

फोनवर गाडीचा विषय काढला की बाबा द्राक्षांच्या भावावर जातात, म्हणून लिहितेय. तुमच्यासाठीच्या मारुती जिम्नीचे पैसे भरून झालेत. शनिवारी ती दारात येईल आणि आपली जुनी दोन सीटची सॅन स्टॉर्म मी पुण्याला घेऊन जाईन. विकत नाहीये, बाबा. हे वाक्य दोनदा वाचा.

गेल्या महिन्यात तुम्ही दिंडोरीहून आलात, तेव्हा मी ओट्यावर उभी होते. एक हात दाराला, दुसरा थेट रस्त्यावर टेकवून तुम्ही गाडीतून उठलात, तेही दुसऱ्या खेपेला. आई, तू मांडीवर पंचा घेऊन बसली होतीस, काचेच्या कोपऱ्यातून गळणारं पाणी टिपायला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

स्टॉर्म कमी आहे असं मी मुळीच म्हणत नाही. रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन, फायबरचं हलकं अंग, वळणाला ती रस्त्याला कशी धरून जाते! उंच जिम्नीला ते जमणार नाही. पण मळ्याच्या वाटेवर स्टॉर्मचं पोट घासतं, आणि फायबरला तडा गेला की जीव तुमचाच तुटतो. जिम्नी जमिनीपासून २१० मिलिमीटर उंच आहे. मी शोरूममध्ये दहा वेळा चढून-उतरून पाहिलं.

आपल्या नाशिकला बनणारी महिंद्राची थार का नाही, हे तुम्ही विचारणारच. आधी तीच पाहिली. तीन दारांच्या थारमध्ये मागे बसायला पुढची सीट सरकवून आत शिरावं लागतं, आईच्या गुडघ्यांना ते झेपणार नाही. पाच दारांची थार रॉक्स १८७० मिलिमीटर रुंद, आपल्या पंचवटीच्या बोळात कशी वळेल? जिम्नी १६४५ आहे आणि मागे स्वतंत्र दारं आहेत. आई, काचा लावून एसीत बसायचं, कानाला वारा लागणार नाही. मागची सीट पाडली की क्रेटही मावतील.

सोमेश्वरला कणीस खायला जायचो ते आठवतं? सीट दोनच, मी आईच्या मांडीवर, छत उघडं. येताना मला झोप लागली की बाबा हॉर्न न वाजवता रामकुंडाच्या गर्दीतून गाडी काढायचे. त्या गाडीला मी अंतर देईन का?

आता ऐका. फोर-व्हीलचा दांडा फक्त चिखलात टाकायचा, कोरड्या डांबरावर टू-एचच, म्हणजे मागच्या दोन चाकांवरच. अंधार पडल्यावर कसारा घाट नाही. बीपीची गोळी घेतल्याशिवाय किल्लीला हात लावायचा नाही. आई, ते तुझ्याकडे. पाठीमागची उशी नव्या गाडीतही न्यायची.

स्टॉर्मची एक किल्ली बाबांकडेच राहील. पुण्यात रविवारी पहाटे रस्ते मोकळे असतात, तेव्हा तुम्ही चालवायची, मी शेजारी बसेन. आणि शनिवारी मला छताच्या क्लिपा लावायला शिकवा. डावीकडची मला अजून बसत नाही.

तुमची,
चिमी