हिमवर्षावासाठी जुनी फोर-बाय-फोर घेताना

मा. संपादक महोदय,

स.न.वि.वि.

दिवाळी झाली की हिमालयात स्वतःच्या गाडीने जाण्याचे बेत ठरू लागतात, आणि त्याच सुमारास आपल्या दैनिकाच्या छोट्या जाहिरातींमध्ये ‘फोर-बाय-फोर, उत्तम स्थिती, त्वरित विकणे’ अशा ओळी वाढलेल्या दिसतात. मी पुण्यात जुन्या फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणाऱ्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांच्या दुरुस्तीचा व्यवसाय करतो. यातल्या बऱ्याच गाड्या विकत घेतल्यानंतर आमच्याकडे तपासणीसाठी येतात. खरे तर त्या आधी यायला हव्यात. म्हणून हे पत्र.

ऑक्टोबर २०२० मध्ये हिमाचल प्रदेशात सुमारे नऊ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा सुरू झाला आणि पूर्वी हिवाळाभर रोहतांग खिंडीमुळे तुटणारा लाहौलचा भाग भर जानेवारीत मैदानी प्रदेशातल्या गाड्यांच्या आवाक्यात आला. बोगद्याची दोन्ही तोंडे समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरहून उंच आहेत. बर्फ पडू लागला की पोलीस मनालीजवळच्या सोलंगच्या अलीकडे गाड्या अडवतात आणि पुष्कळदा फक्त फोर-बाय-फोर किंवा चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्याच पुढे सोडतात. हा नियम योग्यच आहे. परंतु त्यामुळे फोर-बाय-फोर म्हणजे बर्फात जाण्याचा परवाना, असा समज आपल्याकडे रूढ झाला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते बोगदा या टप्प्यात शेकडो वाहने अडकली आणि पोलिसांना रात्री उशिरापर्यंत पर्यटकांना बाहेर काढावे लागले, तेव्हा उतारावरून घसरत एकमेकांवर आदळणाऱ्या गाड्यांची दृश्ये सर्वांनी पाहिली. त्यांत चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या गाड्याही होत्या.

याचे कारण साधे आहे. फोर-व्हील-ड्राइव्हमुळे गाडी निघते आणि चढते. ती थांबवण्याचे काम मात्र ब्रेक आणि टायरच करतात, आणि ब्रेक तर प्रत्येक मोटारीत चारही चाकांना असतातच. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या डांबरावर ब्रेक दाबल्यापासून आठ-नऊ मीटरमध्ये थांबत असेल, तर दाबून घट्ट झालेल्या बर्फावर तिला तीस मीटरच्या आसपास आणि काचेसारख्या गोठलेल्या थरावर साठ मीटरहून अधिक अंतर लागते. चढताना गाडी दगा देत नाही म्हणून चालकाचा आत्मविश्वास वाढतो आणि परतीच्या उतारावर तोच नडतो. तेव्हा हिवाळ्यासाठी जुनी गाडी निवडताना पहिला प्रश्न टायरचा आणि ब्रेकचा असावा, इंजिनाच्या ताकदीचा नव्हे.

एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जागीच अडकू न देणारी यंत्रणा, आहे की नाही हे आधी पाहावे. आपल्या देशात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना ते सक्तीचे झाले. त्यापूर्वीच्या अनेक स्वस्त आवृत्त्यांमध्ये, उदाहरणार्थ जुन्या थारमध्ये किंवा जिप्सीमध्ये, ते नव्हते. जिप्सी हलकी, काटक आणि दुरुस्तीला सोपी आहे, तिच्याविषयी मला मनापासून आदर आहे. पण कुटुंबाला घेऊन गोठलेल्या घाटरस्त्यावर जायचे असेल तर मी ती सुचवत नाही.

दुसरा मुद्दा यंत्रणेच्या प्रकाराचा. थार, जिम्नी, स्कॉर्पिओ यांसारख्या गाड्यांतील पार्ट-टाइम यंत्रणेत (जी चालक लिव्हरने हवी तेव्हाच जोडतो) पुढचा आणि मागचा आस एकमेकांशी घट्ट जोडला जातो. वळणावर पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात. कोरड्या डांबरावर टायर घसरू शकत नाहीत आणि सगळा ताण ट्रान्सफर केस (दोन्ही आसांना ताकद वाटणारी दातेरी चाकांची पेटी) व आसांवर येतो. हिवाळ्यातला डोंगरी रस्ता तर दर वळणाला बदलतो; उन्हाच्या बाजूला कोरडा, सावलीच्या बाजूला गोठलेला. अशा ठिकाणी चालकाला सतत लिव्हर हाताळावा लागतो. पहिल्या पिढीची फॉर्च्युनर फोर-बाय-फोर, म्हणजे २००९ ते २०१६ या काळातली, कायमच चारही चाकांना ताकद देते. डस्टरची ऑल-व्हील-ड्राइव्ह आवृत्ती गरजेनुसार मागच्या चाकांना आपोआप ताकद देते. नुसत्या रस्त्यावरच्या बर्फासाठी मला या दोन्ही अधिक योग्य वाटतात, आणि डस्टरची तर बाजारात विनाकारण उपेक्षा झाली आहे. पार्ट-टाइम गाडीचा एक मोठा गुण मात्र मान्य केला पाहिजे: लो रेंजमध्ये, म्हणजे कमी वेग आणि जास्त जोर देणाऱ्या जोडणीत, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर ती ब्रेकला हात न लावता इंजिनाच्या जोरावर उतार उतरते. डस्टरला लो रेंज नाही.

यातली जवळजवळ प्रत्येक गाडी त्याच नावाने दोन चाकांच्या ड्राइव्हमध्येही विकली गेली आहे. फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ, डस्टर आणि २०२३ पासून थारसुद्धा. मागच्या दारावरचे ‘फोर-बाय-फोर’ हे स्टिकर कोणालाही विकत मिळते. म्हणून गाडीखाली वाकून पुढच्या आसाकडे ताकद नेणारा फिरता दांडा, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट (किंवा डस्टरसारख्या गाडीत मागे जाणारा) डोळ्यांनी पाहावा. यंत्रणा आहे म्हणजे ती चालतेच असेही नाही. वर्षानुवर्षे शहरात फिरलेल्या गाडीचा लिव्हर एकदाही हललेला नसतो. काही मॉडेलांत पुढचे हब (चाकांचे मधले तुंबे) निर्वात दाबाने आसाशी जोडले जातात आणि त्यांच्या रबरी नळ्या तडकल्या की पुढची चाके मोकळीच फिरतात. पार्ट-टाइम गाडीची चाचणी ओल्या मातीच्या मोकळ्या मैदानावरच घ्यावी. आधी फोर-हाय (नेहमीच्या वेगासाठीची चारचाकी जोडणी), मग गाडी थांबवून फोर-लो (लो रेंज) लावावे, आणि पुढची चाके खरोखर ओढतात का हे कोणाला तरी बाहेर उभे करून पाहायला सांगावे.

याउलट दुसऱ्या टोकाच्या गाड्या पावसाळ्यात ओढ्या-नाल्यांतून आणि समुद्रकिनाऱ्यांवरून हौसेने हाकलेल्या असतात. डिफरन्शियलचा (आसाच्या मध्यावरील दातेरी चाकांच्या पेटीचा) प्लग सैल करून थोडे तेल बोटावर घेतले की बरेच कळते. तेल चहासारखे गढूळ दिसले तर आत पाणी शिरले आहे आणि बेअरिंगे गेली असण्याची शक्यता मोठी आहे. कोकण, मुंबई वा गोव्यात वाढलेल्या गाडीची चॅसी (खालचा सांगाडा) खालून हातोडीने हलकेच ठोकून पाहावी. बाहेरून चकचकीत काळा रंग मारलेल्या पट्टीतून ठोकताच गंजाचे पापुद्रे गळताना मी अनेकदा पाहिले आहे. दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर आलेल्या निर्बंधांमुळे तिकडच्या गाड्या आपल्याकडे स्वस्तात येतात. त्यांत चांगल्या गाड्या जरूर असतात, पण ना-हरकत प्रमाणपत्र हाती पडल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये आणि येथील नव्या नोंदणीचा व कराचा खर्च किमतीत धरावा.

टायरच्या बाजूवरील चार अंकी आकडा पाहावा; ३२२१ म्हणजे २०२१ सालचा बत्तिसावा आठवडा. चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारख्याच झिजेचे असले पाहिजेत, अन्यथा ऑल-व्हील-ड्राइव्हमध्ये मागच्या चाकांना ताकद जोडणाऱ्या क्लचवर कायमचा भार येतो. कायद्याने १.६ मिलिमीटर खोलीची नक्षी चालत असली तरी बर्फासाठी चार मिलिमीटरपेक्षा कमी नक्षीवर मी विसंबणार नाही. अनेकांना रांगडे, मोठ्या ठोकळ्यांचे चिखलाचे टायर बर्फासाठी उत्तम वाटतात. ते गोठलेल्या रस्त्यावर वाईट ठरतात, कारण त्यांचे रबर थंडीत कडक होते आणि पकड देणाऱ्या बारीक चिरा त्यात फार थोड्या असतात. तीन शिखरे आणि हिमकण हे बर्फासाठीच्या टायरचे चिन्ह असलेला टायर मिळाला तर उत्तम. नाही तर मापाच्या साखळ्या घ्याव्यात आणि त्या घरच्या अंगणात एकदा चढवून पाहाव्यात.

आपल्याकडच्या जुन्या गाड्यांचा एक खास दोष सांगितलाच पाहिजे. आपल्या हवामानात खपून जाते म्हणून अनेक मालक रेडिएटरमध्ये नळाचे पाणी भरतात. गाडी शून्याखाली रात्रभर उभी राहिली की ते पाणी गोठून फुगते आणि इंजिनाचा ब्लॉक तडकू शकतो. शीतकात ग्लायकॉल आणि शुद्ध पाणी निम्मे-निम्मे असावे. साधे डिझेलही कडाक्याच्या थंडीत मेणासारखे घट्ट होऊन फिल्टर तुंबवते. म्हणूनच इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे डिझेल आणले. येथून भरलेल्या टाकीवर वर जाऊ नये, तिथल्या पंपावर भरून घ्यावे. जुनी बॅटरी आणि ग्लो प्लग (थंड डिझेल इंजिन सुरू करताना आत उष्णता देणारे) प्रवासाला निघण्यापूर्वीच बदलावेत. एक्झॉस्टला गळती नाही ना, हेही तपासावे. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी येथे बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक माणसे दगावली आणि त्या वेळी विषारी कार्बन मोनॉक्साइडचा धोका ठळकपणे पुढे आला. बर्फाने सायलेन्सरचे तोंड बुजले असताना हीटरसाठी इंजिन चालू ठेवणे जिवावर बेतू शकते.

आपल्याला विनंती अशी की वापरलेल्या फोर-बाय-फोर गाड्यांच्या जाहिराती स्वीकारताना ड्राइव्हचा प्रकार, एबीएस आहे की नाही आणि टायरचे उत्पादन वर्ष या तीन गोष्टी नमूद करण्याची अट आपण घालावी. मोटारींविषयीच्या आपल्या पुरवणीनेही दरवर्षी नोव्हेंबरमध्ये हा विषय घ्यावा, म्हणजे नाताळपूर्वी गाडी तपासून घ्यायला वाचकांच्या हाती महिनाभराचा अवधी राहील.

आपला विश्वासू,
एक मोटार दुरुस्ती व्यावसायिक, पुणे